धावपट्टी गेली, मनोरा राहिला

नियंत्रण-मनोरा म्हटला की उंच खांबावर बसविलेली काचेची खोली डोळ्यांपुढे उभी राहते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी विमानतळावरचा मनोरा मात्र बहुधा अवघा दोन मजल्यांचा, सपाट छपराचा, घाईने उभारलेला असे. गेलेली विमाने किती आणि परतली किती याची नोंद ठेवणे, धावपट्टी मोकळी राखणे व वैमानिकास उतरण्याची अनुज्ञा देणे हे त्याचे काम. बिनतारी यंत्र बंद पडले, अथवा शत्रूच्या कानी शब्द जाऊ द्यावयाचा नसला, म्हणजे हिरव्या-तांबड्या दिव्यांनी, नाही तर आकाशात सोडलेल्या रंगीत ज्योतींनी बोलावे लागे.

हे काम किती अवघड होते, ते इंग्लंडातील केंट परगण्यातल्या वेस्ट मॉलिंग विमानतळावर एका रात्री दिसून आले. 16 एप्रिल 1943 च्या रात्री लंडनवर चालून आलेल्या जर्मन फॉक-वुल्फ विमानांपैकी काही वाट चुकली. खालचा विमानतळ फ्रान्समधील आपलाच आहे अशा समजुतीने एक वैमानिक सरळ उतरला आणि पकडला गेला. पाठोपाठ दुसरे विमान उतरले. चूक ध्यानात येताच त्याने पुन्हा उड्डाणाची धडपड केली, तेव्हा गोळीबार होऊन ते पेटले. तिसरे धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. काळोखात दिसे ती केवळ आकृती. तिच्यावरून आपला कोण व परका कोण हे ठरवावयाचे, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे!

पुढे तेथील उड्डाणे थांबली, परगणा-मंडळाने ती जागा विकत घेतली आणि किंग्ज हिल नावाची नवी वसाहत उठली. मनोरा मात्र ऐतिहासिक इमारतींच्या सूचीत घालून राखण्यात आला. दुरुस्तीनंतर त्यात कॉफीगृह थाटले गेले, हे कोणास विनोदी वाटेल. परंतु वापरात असलेली इमारत ओस इमारतीपेक्षा अधिक टिकते.

महाराष्ट्रात युद्धकालीन विमानतळाची गोष्ट निघाली की ती मनोऱ्यापाशी न थांबता जमिनीपाशी येते. डहाणू व तलासरी हे तालुके 2014 पर्यंत ज्या ठाणे जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यात कल्याणनजीक नेवाळी येथे ब्रिटिश सरकारने युद्धकाळात शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. युद्ध 1945 साली संपले. विमाने गेली, पण जमिनी सरकारकडेच राहिल्या व स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याच्या ताब्यात आल्या. शेतकऱ्यांनी तेथे भात पिकविणे सोडले नाही. नौदलाने कुंपणाची भिंत घालण्यास आरंभ केला, तेव्हा 22 जून 2017 रोजी रस्ते अडविले गेले, वाहने जळाली, पोलीस व ग्रामस्थ दोन्हीकडची माणसे जखमी झाली. जमीन आमच्या मालकीची, असे खाते म्हणते. युद्धापुरती घेतली होती, ती युद्ध संपताच परत मिळावयास हवी होती, असे शेतकरी म्हणतात.