अ‍ॅमेझॉन शिकवताना : 'पृथ्वीची फुफ्फुसे' याच्या पुढे

'अ‍ॅमेझॉनचे जंगल म्हणजे पृथ्वीची फुफ्फुसे.' दहावीच्या भूगोलात ब्राझील आला की हे वाक्य मुलांच्या वहीत हमखास उतरतं. त्याला जोडून आणखी एक येतं, 'जगातला २० टक्के ऑक्सिजन इथे तयार होतो.' २०१९ साली तिथे मोठ्या आगी लागल्या तेव्हा हा आकडा जगातल्या बड्या नेत्यांनीही सांगितला. ऐकायला छान, पाठ करायला सोपं. पण शिक्षक मित्रहो, एखाद्या चौकस मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, मग अ‍ॅमेझॉन जळलं तर आपला श्वास कोंडेल का हो?" तर काय सांगाल?

उत्तर आहे, नाही कोंडणार. झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात हे खरं. पण ती स्वतः रात्रंदिवस श्वसनही करतात. शिवाय खाली पडलेला पाला, ओंडके कुजवणाऱ्या बुरश्या, जिवाणू, वाळवी यांनाही ऑक्सिजन लागतो. जंगलात जेवढा तयार होतो, जवळजवळ तेवढा तिथेच खर्च होतो. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे, आणि त्यात समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा वाटा मोठा आहे. खरं तर उपमाच उलटी आहे. फुफ्फुसं ऑक्सिजन आत घेतात, बाहेर सोडत नाहीत!

मग हे जंगल महत्त्वाचं का? झाडांत प्रचंड कार्बन साठलेला आहे, हे एक कारण. पण वर्गात समजावून सांगायला सगळ्यात सोपं कारण आहे पाणी.

आधी आकाराचा अंदाज देऊ. हे वर्षावन सुमारे ५५ लाख चौ.किमी. पसरलं आहे. आपला अख्खा भारत जवळपास ३३ लाख चौ.किमी. आहे. म्हणजे भारताच्या दीडपटीहून मोठं. त्यातलं साधारण ६० टक्के ब्राझीलमध्ये, बाकीचं पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया, इक्वेडोर, व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम आणि फ्रेंच गयानात.

आता पाण्याची गोष्ट. अटलांटिक महासागरावरून बाष्प घेऊन वारे पश्चिमेकडे जातात, पाऊस पडतो. एरवी समुद्रापासून जसजसं आत जावं तसा पाऊस कमी व्हायला हवा. इथे हजारो किलोमीटर आत गेलं तरी धो धो पाऊस. का? १९७० च्या दशकात एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनचे निरनिराळे प्रकार तपासले आणि दाखवून दिलं की इथला साधारण निम्मा पाऊस जंगल स्वतःच तयार करतं. पडलेलं पाणी मुळं ओढतात, पानं बाष्प करून हवेत सोडतात, वारा ते पुढे नेतो आणि ते पुन्हा पडतं. एकेक मोठं झाड दिवसाला शेकडो लिटर पाणी असं वर पाठवतं. हे बाष्प शेवटी अँडीज पर्वताला अडतं आणि दक्षिणेकडे वळतं. दक्षिण ब्राझील, पॅराग्वे, उत्तर अर्जेंटिना इथल्या शेतीला त्याचा पाऊस मिळतो. तिकडे याला 'उडत्या नद्या' म्हणतात. शब्द मुलांना फार आवडतो.

बाष्पोच्छ्वासाचा प्रयोग आपण सगळेच करतो, कुंडीतल्या फांदीला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची आणि तासाभराने आतले थेंब बघायचे. हा प्रयोग विज्ञानाच्या तासाला झाला की लगेच नकाशा काढा. पिशवीतला तो थेंब आणि अर्जेंटिनातलं शेत यांचा संबंध मुलं स्वतःच जोडतात.

दुसरी गंमत मातीची. एवढं घनदाट जंगल म्हणजे जमीन कसदार असणार, असं वाटतं ना? बहुतेक ठिकाणी ती निकृष्ट आहे. पावसाने क्षार धुऊन जातात. सगळा कस झाडांत आणि वरच्या कुजणाऱ्या पाल्यात असतो. म्हणून जंगल तोडून शेती केली की थोड्याच वर्षांत जमीन थकते. त्यातलं फॉस्फरस नदीवाटे सतत वाहून जातं, त्याची काही भरपाई होते ती थेट आफ्रिकेतून. सहारा वाळवंटातली धूळ अटलांटिक ओलांडून इथे पडते, वर्षाला अंदाजे २.७ कोटी टन, आणि तिच्यात सुमारे २२ हजार टन फॉस्फरस असतं. वाळवंट जंगलाला खत घालतं, म्हणा ना.

प्राण्यांची यादी पाठ करून घेऊ नका, एवढी विनंती. मुलं अ‍ॅमेझॉनच्या चित्रात वाघ, हत्ती, सिंह काढतात. तिथे यांपैकी कोणी नाही. तिथे जॅग्वार, स्लॉथ, अ‍ॅनाकोंडा, गुलाबी डॉल्फिन आहेत, हे एकदा सांगून पुढे जा. त्यापेक्षा एक झाड घ्या. ब्राझील नटचं झाड ५० मीटरपर्यंत उंच वाढतं. त्याच्या फुलावर घट्ट झाकण असतं, ते उचलण्याइतकी ताकद फक्त मोठ्या मधमाश्यांत असते. फळ नारळाच्या करवंटीसारखं टणक. ते फोडू शकणारा प्राणी म्हणजे अगूती, सशाएवढा, उंदराच्या जातीचा. तो काही बिया खातो, काही पुरून ठेवतो, आणि पुरलेल्यांतल्या काही विसरतो. तिथे नवी रोपं उगवतात. जंगल तोडून नुसतं ब्राझील नटचं झाड राखलं तर माशी येत नाही, अगूती येत नाही. झाड उभं राहतं, पण त्याचा वंश थांबतो.

पुरातलं जंगलही असंच. पावसाळ्यात नदी दहा-बारा मीटर चढते आणि झाडं महिनोन्‌महिने पाण्यात उभी असतात. तेव्हा तांबाकी नावाचा मासा झाडांमधून पोहत फळं खातो आणि बिया लांब नेऊन टाकतो. बी पेरणारा मासा!

आता माणसं. पुस्तकात दोन ओळी असतात, 'आदिम जमाती राहतात, शिकार करतात.' वाचणाऱ्याला वाटतं, जंगल आपोआप उगवलं आणि त्यात चार माणसं भटकताहेत. तसं नाही. नद्यांच्या काठी अनेक ठिकाणी काळी, सुपीक माती सापडते. कोळसा, हाडं, खापरं, खरकटं मिसळून शेकडो-हजारो वर्षांपूर्वी माणसांनीच ती तयार केली. इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यात जंगलाखाली सुमारे २५०० वर्षांपूर्वीच्या वसाहती, रस्ते, शेतं असल्याचं लेझर सर्वेक्षणातून दिसलं, ते संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. आजही तिथे शेकडो आदिवासी समाज आहेत. आणि हो, मनौस हे २० लाखांवर वस्तीचं शहरही याच जंगलात आहे.

या लोकांनी जगाला काय दिलं? उपासाला आपण खातो तो साबुदाणा! तो कसावा या कंदाच्या पिठीचा असतो, आणि कसावा पहिल्यांदा शेतात आणला तो अ‍ॅमेझॉनच्या दक्षिण भागातल्या लोकांनी. कडू कसाव्यात सायनाइड तयार होतं. तो किसायचा, विणलेल्या लांब नळीत भरून पिळायचा, मग भाजायचा, ही कृती त्यांनी शोधली. पुस्तक नाही, प्रयोगशाळा नाही. ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी भाषेतून तर आपल्याकडे, पोर्तुगीजांमार्फत, 'काजू' आणि 'अननस' हे शब्दही आले.

हे ज्ञान मुलांपर्यंत कसं पोचतं याचं एक उदाहरण पालकांनी घरी जरूर सांगावं. १ मे २०२३ ला कोलंबियाच्या जंगलात छोटं विमान पडलं. आईसह तिन्ही मोठी माणसं गेली. उरली चार आदिवासी भावंडं, थोरली तेरा वर्षांची, धाकटं अकरा महिन्यांचं. ती ४० दिवसांनी जिवंत सापडली. विमानातलं कसाव्याचं पीठ संपल्यावर ती रानातली फळं खाऊन राहिली. कोणतं फळ खायचं, कोणतं नाही, हे थोरलीला घरच्यांनी शिकवलं होतं.

आता काळजीची बाजू. या जंगलापैकी सुमारे १७ टक्के नाहीसं झालं आहे, मुख्यतः गुरांच्या कुरणांसाठी. तोड २० ते २५ टक्क्यांवर गेली तर जंगल स्वतःचा पाऊस पुरेसा पाडू शकणार नाही, बराच भाग सुकत गवताळ होईल, असा इशारा थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये दिला. पाण्याचं चक्र आधी शिकवलं असेल तर मुलांना हे लगेच कळतं. फुफ्फुसांच्या उपमेतून मात्र कळत नाही. २०२३ च्या दुष्काळात मनौसजवळ नेग्रो नदीची पातळी १९०२ पासूनच्या नोंदींत सर्वांत खाली गेली, २०२४ मध्ये त्याहूनही खाली. एल निनो आणि वाढतं तापमान यांचाही त्यात हात होता. होड्या चालेनात, नदीकाठच्या कितीतरी शाळा बंद राहिल्या.

पण तोड थांबवता येते, हेही आकड्यांतून दाखवा. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ साली सुमारे २७,७०० चौ.किमी. जंगल तुटलं, म्हणजे सात गोव्यांहून जास्त. २०१२ मध्ये ते सुमारे ४,६०० वर आलं. नंतर पुन्हा वाढलं, २०२४ पर्यंत पुन्हा उतरलं. उपग्रहाची नजर, कायदा आणि सरकारची इच्छा यांवर ते हलतं. त्यामागे माणसांनी मोजलेली किंमतही आहे. झाड न तोडता रबराचा चीक काढणाऱ्यांचे पुढारी शिको मेंडेस यांनी बायका-मुलांसह करवतींसमोर उभं राहण्याची चळवळ चालवली. २२ डिसेंबर १९८८ ला त्यांच्या घरीच त्यांचा खून झाला. १९९० पासून ब्राझीलने अशा लोकांसाठी राखीव जंगलं जाहीर केली.

शेवटी एक गणित देतो, टक्केवारीच्या तासाला चालेल. पिरारुकू हा तीन मीटरपर्यंत वाढणारा मासा हवेत श्वास घ्यायला दर थोड्या वेळाने वर येतो. मामिराउआ भागातले कोळी तळ्याकाठी शांत बसून, तो वर येताना मोजतात, आणि त्यांची मोजणी शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिली तेव्हा बरोबर निघाली. १९९९ पासून तिथे या मोजणीवरच मासेमारी ठरते. मोठ्या माशांपैकी जास्तीत जास्त ३० टक्के धरायचे, बाकीचे सोडायचे. मासे घटले नाहीत, वाढले. तर मुलांना विचारा, एका तळ्यात ४२० मोठे पिरारुकू मोजले, गावात १८ कुटुंबं आहेत, प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला किती मासे येतील?