कंबर, कट्ट आवाज आणि मेडिकलवाले दादा

कांद्याची लागवड चालू आहे, त्यामुळे गटाच्या बैठकीत सध्या हप्त्यापेक्षा कंबरेचीच चर्चा जास्त. मागच्या महिन्यात एका ताईंनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. बाईला पालथं झोपवतात, पाठीवर झटका देतात, कट्ट आवाज होतो आणि ती हसत उठते. तालुक्याला असं करणारा एक जण येतो, म्हणून ताई निघाल्याच होत्या.

या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. अमेरिकेत डी. डी. पामर यांनी १८९५ साली तो सुरू केला. मणके जागेवरून सरकल्याने आजार होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आजचं वैद्यकशास्त्र ते मानत नाही. कंबरदुखीत काहींना थोडा आराम पडतो, पण तेवढा व्यायामानेही पडतो. आणि तो आवाज हाड बसल्याचा नसतो बरं का! सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा असतो. आपण बोटं मोडतो तेव्हा येतो तोच.

जाण्याआधी ताई मेडिकलमध्ये दुखण्याची गोळी मागायला गेल्या आणि बोलता बोलता हेही सांगितलं. दादा म्हणाले, "मणक्याचं आम्हाला शिकवलेलं नाही, मला त्यातलं कळत नाही. पण तुम्ही तीन वर्षं स्टिरॉइडची गोळी नेताय. तिनं हाडं ठिसूळ होतात. आधी डॉक्टरांना दाखवा."

मला हे उत्तर फार आवडलं. फार्मासिस्ट मणक्याचा जाणकार नसतो, पण आपल्या पोटात कोणत्या गोळ्या जातात ते त्याला ठाऊक असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तरी असा झटका धोक्याचा. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याचंही क्वचित घडलं आहे. फक्त काउंटरवरच्या पोराला नका विचारू. ज्यांचं नाव भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर आहे, त्यांना विचारा. आणि दुखण्याची गोळी रोज स्वतःच्या मनाने घेऊ नका, पोट आणि किडनी दोन्ही बिघडतात. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र कुणाला विचारत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताईंचा एक्स-रे काढला तर एक मणका दबलेला निघाला. आता हाडांचं औषध चालू आहे आणि दर मंगळवारी त्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीला जातात. म्हणून आपली बैठक आता बुधवारी.