वामपक्षाघात आणि मेंदूचा उजवा गोलार्ध

पक्षाघाताचा रुग्ण आला म्हणजे त्याची वाचा शाबूत आहे की नाही, हे आपण प्रथम पाहतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, २८ व्या अध्यायात, पक्षाघाताच्या लक्षणांमध्ये चेष्टानिवृत्तीबरोबर वाक्स्तंभही सांगितलेला असल्याने ते योग्यच आहे. परंतु वाचा शाबूत म्हणजे व्याधी सौम्य, असा जो अर्थ त्यातून सर्रास काढला जातो, तो वामपक्षाघातात फसवा ठरतो.

मेंदूचा डावा गोलार्ध शरीराच्या उजव्या बाजूचे आणि उजवा गोलार्ध डाव्या बाजूचे चलनवलन सांभाळतो, हे सर्वपरिचित आहे. वाचा मात्र बहुधा एकाच गोलार्धाकडे झुकलेली असते. १८६१ मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी ‘टान’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूची विकृती दाखवून दिली. उजव्या हाताने व्यवहार करणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांत भाषेचे कार्य मुख्यत्वे डावीकडे चालते. (डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलावंत, ही लोकप्रिय वाटणी मात्र आम्हांस भाबडी वाटते.)

उजव्या गोलार्धाचे एक मोठे कार्य म्हणजे सभोवतालचे अवधान. डावा गोलार्ध प्रामुख्याने उजव्या बाजूकडे लक्ष पुरवितो. उजवा दोन्ही बाजूंकडे. म्हणून डाव्याला इजा झाली तर उजवा सांभाळून घेतो. उजव्याला झाली तर डावीकडच्या जगाला वाली उरत नाही. इंद्रिये मनाच्या सहयोगानेच विषय ग्रहण करतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात म्हटले आहे. येथे त्याचाच प्रत्यय येतो: नेत्र निर्दोष असूनही डावीकडील वस्तू रुग्णाच्या ज्ञानात येत नाही.

आपल्याकडील भोजनाचे ताट ही यासाठी उत्तम परीक्षा आहे. उजवीकडील भाजी-उसळ संपते. डावीकडील लिंबू, चटणी, कोशिंबीर तशीच राहते. घरचे म्हणतात, तोंडाला चव नाही. ताट अर्धे फिरवून द्यावे. राहिलेले पदार्थ आता तो खाऊ लागला, तर प्रश्न अरुचीचा नव्हे, अवधानाचा आहे. अर्धीच दाढी करणे, डावी बाही न घालणे, दाराच्या डाव्या चौकटीवर आदळणे, हीही त्याचीच रूपे होत.

याहून घातक गोष्ट अशी की, असा रुग्ण पुष्कळदा आपला हात लुळा पडल्याचेच नाकारतो. या अवस्थेस बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये नाव दिले. रुग्ण स्पष्ट बोलतो, ‘मला काही झालेले नाही’ म्हणतो, आणि घरचे विश्वास ठेवून सकाळची वाट पाहतात. गुठळी विरघळविणारे औषध योग्य रुग्णांत लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सी.टी. स्कॅनने रक्तस्राव नसल्याची खात्री करून. तेव्हा नव्याने आलेल्या वामपक्षाघातात रुग्णाच्या शब्दावर न जाता दोन्ही हात उचलावयास सांगावे आणि डावा खाली येत असेल तर तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

पुढे स्वेदनाच्या वेळीही हेच ध्यानी ठेवावे. डाव्या अंगास चटका बसला तरी हा रुग्ण तक्रार करीलच असे नाही. पोटलीची उष्णता आधी स्वतःच्या हातावर, मग रुग्णाच्या उजव्या अंगावर तपासावी आणि डाव्या अंगावरील त्वचेचा वर्ण सतत पाहत राहावा.