मिक्सर उघडण्याआधी

वाशीमहून पुसदला जाणारी एस.टी. अनसिंगवरून जाते. अनसिंग मोठे गाव आहे. समजा, या गावातल्या एका घरी सकाळी आईने मिक्सरमध्ये हळकुंडे घातली. बटण फिरवले. मिक्सर घरघरला आणि एकदम गप्प झाला.

मुलगा शेतातून आला. त्याने मिक्सर उलटा केला आणि भाजीची सुरी घेऊन बसला.

"काय करून राह्यला रे?" आईने विचारले.

"मिक्सर खोलून राह्यलो."

"सुरीनं? अन् वायर तं अजून भितीतच हाय!"

आई बरोबर बोलली. आधी पिन भिंतीतून ओढून काढायची. नुसते बटण बंद करून भागत नाही. घरातली जोडणी उलट झालेली असली, तर बटण बंद असूनही आतल्या तारेत वीज राहते. काढलेली पिन आपल्या डोळ्यांसमोर ठेवा. नाहीतर घरातले दुसरे कोणी घाईत ती परत लावायचे. हातही कोरडे हवेत.

आता मिक्सर उलटा आहेच, तर त्याचा तळ नीट पाहा. बहुतेक मिक्सरला तिथे एक लहान बटण असते. बहुधा ते लाल असते. मोटरवर फार भार पडला, की हे बटण बाहेर उसळते आणि वीज तोडते. हळकुंड म्हणजे लाकडासारखे कठीण. पाते अडले, मोटर तापली आणि बटणाने आपले काम केले. म्हणजे मिक्सर बिघडलाच नाही! भांडे काढा. मिक्सर निवू द्या. मग ते बटण बोटाने आत दाबा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. इतक्याशा कामासाठी लोक मिक्सर पिशवीत घालून एस.टी.ने वाशीमला नेतात, हे पाहून वाईट वाटते.

आपले वाटण मोटरला जड जाते, ही गोष्ट जुनी आहे. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनियर राहत. त्यांच्या घरचा परदेशी मिक्सर आपले वाटण करता करता जळाला. मग त्यांनी स्वतःच दणकट मोटरचा मिक्सर तयार केला. तोच 'सुमीत' मिक्सर. १९७० नंतर तो घरोघरी माहीत झाला.

बटण दाबूनही मिक्सर चालला नाही, तर तो उघडावा लागेल. पण त्याआधी गॅरंटीचे कार्ड काढा आणि तारीख वाचा. मुदत बाकी असेल तर उघडू नका. कंपनीच्या माणसाकडे न्या. आपण उघडलेला मिक्सर कंपनी बहुधा फुकट दुरुस्त करून देत नाही.

मुदत संपली आहे? मग स्क्रू शोधा. ते लवकर दिसत नाहीत. मिक्सरला खाली रबराचे चार पाय असतात. काही मिक्सरचे स्क्रू त्या पायांच्या आत लपलेले असतात. काहींचे खोल भोकात असतात. एखादा स्क्रू चिकटवलेल्या कागदाखालीही सापडतो. सगळे स्क्रू सापडल्याशिवाय झाकण ओढू नका. प्लास्टिक तडकते.

स्क्रू सापडला, की त्याचे डोके पाहा. कोणता पेचकस लागेल, ते तिथेच कळते. डोक्यावर एकच चीर असेल तर चपटा पेचकस. फुली असेल तर फुलीचा पेचकस. दुकानदार त्याला 'स्टार' म्हणतात. फुलीचा हा स्क्रू अमेरिकेत हेन्री फिलिप्स याने पुढे आणला. १९३६ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. चिरेतून पेचकस बाजूला घसरतो. फुलीत तो बरोबर मध्ये बसतो. मोटारींच्या कारखान्यात यंत्राने भराभर स्क्रू पिळायचे होते. तिथे फुली सोयीची ठरली.

पण फुल्याही लहानमोठ्या असतात. मोठ्या फुलीत बारीक टोक घातले, तर ते आत गरगर फिरते आणि फुलीच्या कडा खाते. एकदा फुली गुळगुळीत झाली, की चांगला कारागीरही कपाळाला हात लावतो. म्हणून टोक आत ठेवा आणि जरा हलवून पाहा. ते डगडगले नाही, तर पेचकस बरोबर आहे. भोक खोल असेल तर दांडी लांब आणि बारीक हवी. मग पेचकस सरळ धरा. जोर दाबण्यात जास्त, फिरवण्यात कमी. फुली थोडी झिजलेली असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये ठेवून दाबा. रबर झिजलेल्या जागी भरते, आणि पुष्कळदा स्क्रू सुटतो.

आता एक वेगळा बिघाड. मोटर फिरते, पण भांड्यातले पाते फिरत नाही. तेव्हा भांड्याखालचे दातेरी चाक झिजलेले असते. त्याला कपलर म्हणतात. इथे भले भले फसतात. आपण नेहमीसारखे डावीकडे पिळतो, आणि कपलर सुटण्याऐवजी आणखी घट्ट होतो. जोर केला तर तुटतो. त्याचे आटे बहुधा उलटे असतात. सायकलचे डावे पायडल आठवा. त्याचेही आटे उलटेच असतात. असे का? मोटर जिकडे फिरते, त्याच्या उलट दिशेला वाटणाचा अडथळा कपलरला ढकलतो. त्या ढकलण्याने कपलर घट्ट व्हावा, सुटू नये, म्हणून आटे तसे पाडतात. तेव्हा मोटर ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने कपलर पिळा. तो सुटेल. पुष्कळ कपलरवर बाण काढलेला असतो. तो पाहून घ्या. नुसता कपलर पिळला तर खालची दांडीही फिरते. म्हणून तळ उघडून दांडीचे खालचे टोक पाहा. तिथे चीर असते. तीत चपटा पेचकस अडकवून दांडी धरून ठेवा.

आतून जळका वास आला, किंवा तांब्याची तार काळी पडलेली दिसली, तर झाकण लावून ठेवा. ते काम मोटर भरणाऱ्याचे आहे.

काही वस्तूंचे स्क्रू वेगळेच असतात. कोणाला तीन कोन, कोणाला सहा पाकळ्या. असे स्क्रू गिऱ्हाइकाने उघडू नये म्हणूनही लावतात. मला हे पटत नाही. वस्तू आपल्या पैशाची, तर ती दुरुस्त करण्याची वाट मोकळी हवी. यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली एक समिती नेमली. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळावी, म्हणून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारी संकेतस्थळ सुरू झाले. कंपनी दाद देत नसेल, तर १९१५ या नंबरवर ग्राहकाला फोन करून तक्रार करता येते.

स्क्रू काढाल तसे एका वाटीत ठेवा. लांब-आखूड असतील तर कोणता कुठला, ते कागदावर लिहून ठेवा. लिहिता येते, तर त्याचा उपयोग करावा! परत लावताना सगळे आधी सैल लावा, मग एकेक घट्ट करा. सगळे झाले, आणि वाटीत एक स्क्रू उरला? मग पिन लावू नका. मिक्सर पुन्हा उलटा करा.