खिडकीतले पोळे

मागच्या पावसाळ्यात आमच्या वर्गाच्या खिडकीला गांधीलमाशांनी पोळे केले. मुले घाबरू लागली. शिपाईमामांनी काठीला कापड गुंडाळून ते जाळायची तयारी केली. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, यातली राणी कोणती? सगळ्या तर सारख्याच दिसतात." आम्ही म्हणालो, "बेटा, हे परीक्षेत येत नाही. बाजूला हो." पोळे जळाले.

त्याच प्रश्नावर एका संशोधकाने उभी हयात खर्च केली आहे, हे आमच्या नंतर वाचनात आले. त्यांचे नाव राघवेंद्र गदगकर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी पीएच.डी. केली ती रेण्वीय जीवशास्त्रात. पण फावल्या वेळात ते गांधीलमाश्या पाहत. पुढे तेच त्यांचे मुख्य काम झाले. आपल्याकडे सहज आढळणारी 'रोपॅलिडिया मार्जिनॅटा' ही गांधीलमाशी त्यांनी अभ्यासाला निवडली.

या जातीत राणी आणि कामकरी माशी दिसायला सारख्याच असतात. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीने अगदी बरोबर पाहिले होते! ओळख पटावी म्हणून संशोधक प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे बारीक ठिपके देतात आणि कोण काय करते याची तासन् तास नोंद ठेवतात. त्यातून कळले की या पोळ्यातली राणी भांडखोर नसते. ती शांत बसून असते. राणीला काढून घेतले, तर थोड्याच वेळात एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते. राणी परत आली नाही, तर काही दिवसांत तीच अंडी घालू लागते आणि हळूहळू शांत होते.

मग ही वारसदार आधीच ठरलेली असते का? त्यासाठी गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोळ्याच्या मधोमध जाळी लावली आणि राणीला कधी या बाजूला, कधी त्या बाजूला ठेवून पाहिले. राणी असताना वारसदार कोण हे माणसाला ओळखता येत नाही. माश्यांना मात्र ते ठाऊक असावे, असे त्या प्रयोगातून दिसले.

या कामाची कदर झाली. 1993 मध्ये गदगकरांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. 2006 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. पण आम्हा शिक्षकांना त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. 'रेझोनन्स' या विज्ञान-शिक्षणाच्या मासिकात त्यांनी प्राण्यांच्या वर्तनावरील प्रयोगांविषयी लेखमाला लिहिली. तिचे पुढे पुस्तकही झाले. किरकोळ खर्चातही अव्वल संशोधन होऊ शकते, हे त्याचे सांगणे आहे. रंगाची डबी, वही, पेन्सिल आणि सबर एवढ्यावर बरेच काही साधते.

आपल्या घरांत अनेकदा ऐकू येते, "विज्ञान शिकवायचे तर पैसा हवा." इंजिनिअरिंगच्या फीबाबत ते खरे असेल. पण पाहायला आणि विचारायला फी लागत नाही. कुरआन शरीफमध्ये एका सूरेचे नाव 'नहल' म्हणजे मधमाशी आहे, एकीचे 'नम्ल' म्हणजे मुंगी. मुले ही नावे लहानपणीच पाठ करतात. मग अंगणातली मुंगी साखरेचा दाणा उचलून कुठे जाते, हे त्यांनी कधी बसून पाहिले आहे का?

अम्मी-अब्बांनी आठवड्यातून एक अर्धा तास द्यावा. गांधीलमाशी डंख मारते, म्हणून तिच्यापासून लांबच राहावे. दारावर पोळे असेल तर ते मोठ्यांनी काढायलाच हवे. मुंग्यांपासून सुरुवात करावी. गूळ ठेवावा, किती वेळात किती मुंग्या आल्या ते मुलांना वहीत लिहू द्यावे. दुसऱ्या दिवशी मीठ ठेवून पाहावे. उत्तर आपल्याला येत नसेल, तर "मलाही माहीत नाही, चल पाहू" असे म्हणावे. त्याने मोठ्यांची इज्जत कमी होत नाही.

हे वाक्य म्हणायला आम्हालाच उशीर झाला. यंदा शाळेच्या मागच्या बंद खोलीच्या खिडकीला, उंचावर, पुन्हा पोळे झाले आहे. शिपाईमामांना आम्ही ते राहू द्यायला सांगितले. ती मुलगी आता आठवीत आहे. तिला बोलावून आमची चूक कबूल केली आणि हाती एक कोरी वही दिली. रोज मधल्या सुट्टीत ती लांबून पाहते आणि लिहिते. राणी अजून सापडलेली नाही.