सुप्त परजीवी, गर्भारपण आणि आहार
परळच्या प्रयोगशाळेतील संशोधनापासून शेतकरी कुटुंबांनी घ्यावयाचा बोध

लव्हाळ्याच्या गाठी उन्हाळाभर जमिनीत निपचित पडून असतात. वरून पाहणाऱ्यास शेत स्वच्छ भासते. परंतु पहिला पाऊस पडताच त्याच गाठींतून कोंब फुटतात. काही परजीवी प्राणी व जंतू मनुष्याच्या आणि जनावरांच्या शरीरात याच प्रकारे दडून राहतात. शरीर धट्टेकट्टे असेतोवर त्यांचा उपद्रव जाणवत नाही. मात्र शरीरावर अधिक भार पडला, की हा सुप्त शत्रू उचल खातो. स्त्रीच्या आयुष्यात असा भार गर्भारपणी पडतो. आणि त्याच काळात आहार निकृष्ट असेल, तर माता व मूल या दोघांच्याही जिवास धोका संभवतो.

गोठ्यातील उदाहरण

या गोष्टीचा प्रत्यय शेतकऱ्यास आपल्या गोठ्यातच येऊ शकतो. म्हशीचे रेडकू जन्मतः चांगले असते. परंतु दोन-तीन आठवड्यांत त्यास मातकट रंगाची दुर्गंधीयुक्त हगवण लागते, पोट मोठे दिसू लागते, केस राठ होतात आणि पुष्कळदा ते दगावते. याचे एक कारण म्हणजे टॉक्सोकारा जातीचे मोठे गोल जंत. रेडकू चारा खाऊ लागण्यापूर्वीच हे जंत त्याच्या पोटात कोठून आले, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर म्हशीच्या शरीरात आहे. या जंतांच्या अळ्या म्हशीच्या यकृतात व इतर अवयवांत निद्रिस्त अवस्थेत राहतात. म्हैस निरोगी दिसते. विण्याच्या सुमारास मात्र या अळ्या जागृत होऊन कासेकडे सरकतात आणि दुधावाटे रेडकाच्या पोटात जातात. म्हणूनच रेडकू दहा ते सोळा दिवसांचे असताना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्यास जंताचे औषध पाजावे, असे शास्त्र सांगते. चीक मात्र बंद करू नये. रोगप्रतिकारक शक्ती रेडकास त्यातूनच लाभते.

परळ येथील संशोधन

मनुष्याच्या बाबतीत या प्रश्नाचा एक महत्त्वाचा उलगडा मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत झाला. १८९६ साली प्लेगच्या साथीत सुरू झालेली ही प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तिच्या आसपास परळ, लालबाग या भागांत कापडगिरण्यांची दाट वस्ती होती. रत्नागिरी, सातारा इत्यादी जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांतील माणसे तेथे पोटासाठी आलेली होती. पुरुषांबरोबर स्त्रियाही गिरण्यांच्या वाइंडिंग व रीलिंग खात्यांत काम करीत. वाडिया प्रसूतिगृह व के. ई. एम. रुग्णालय ही दोन्ही परळमध्ये १९२६ साली सुरू झाली, आणि मुंबई इलाख्यात प्रसूतिकाळातील लाभांचा कायदा १९२९ साली संमत झाला.

त्या काळी मुंबईतील गरीब स्त्रियांना गर्भारपणी एक घातक स्वरूपाचा रक्तक्षय होत असे. स्त्री निस्तेज होई, तिला धाप लागे, पायांवर सूज येई आणि पुष्कळदा बाळंतपणाच्या सुमारास तिचा अंत होई. या रोगाचा शोध घेण्यासाठी डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ साली भारतात आल्या. निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची पाहणी करता त्यांना असे आढळले, की ज्या स्त्रियांचे अन्न सर्वांत निकृष्ट, त्यांच्यातच हा रोग अधिक. गरीब मुसलमान स्त्रियांची स्थिती या बाबतीत सर्वांत वाईट होती.

यानंतर पांढऱ्या उंदरांवर प्रयोग करण्यात आले. गरीब स्त्रियांच्या आहारासारखा निकृष्ट आहार दिला असता गाभण उंदीर रक्तक्षयाने क्षीण झाले व पिले होण्यापूर्वीच मेले. आहारात यीस्ट मिसळल्यास रोग टळे. कारण सापडले असे वाटावे, अशी ही स्थिती होती. परंतु या उंदरांच्या रक्तात बार्टोनेला नावाने त्या वेळी ओळखला जाणारा, तांबड्या पेशींवर जगणारा सूक्ष्म जंतू आढळून आला. उंदरांच्या अंगावरील उवांमार्फत तो पसरतो. निरोगी उंदरात तो सुप्त असतो. उंदराची प्लीहा काढून टाकल्यास उफाळतो, हे पूर्वीच ठाऊक झाले होते. परळच्या प्रयोगांनी हे दाखविले, की प्लीहा शाबूत असतानाही केवळ निकृष्ट आहारामुळे तो उफाळू शकतो.

या शोधाने एक अडचणही उभी केली. उंदरांचा रक्तक्षय आहाराच्या उणिवेने झाला की जंतूमुळे, हे वेगळे करता येईना. म्हणून पुढील प्रयोग माकडांवर करण्यात आले. त्यांतही यीस्टच्या अर्काचा गुण दिसून आला. तोच अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे मार्माइट, रुग्ण स्त्रियांना देता त्या झपाट्याने सुधारू लागल्या. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले. अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे तेव्हा समजले नव्हते. काही काळ त्यास ‘विल्स घटक’ असेच म्हणत. पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. गर्भारपणी आज दिल्या जाणाऱ्या गोळीत लोहाच्या जोडीला हेच द्रव्य असते.

अंकुशकृमी : मातीतील शत्रू

बार्टोनेला हा उंदरांचा रोग असला, तरी सुप्त परजीवी आणि उपासमार यांची युती ही केवळ उंदरांपुरती मर्यादित नाही. आपल्याकडील ओलसर, उष्ण प्रदेशांत अंकुशकृमी हा असाच शत्रू आहे. उघड्यावर केलेल्या शौचातून त्याची अंडी मातीत मिसळतात. सावलीच्या ओल्या जागी पाच ते दहा दिवसांत त्यांच्या अळ्या तयार होतात आणि अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात. फुप्फुसांवाटे घशात व तेथून आतड्यात पोहोचल्यावर हे कृमी आतड्याच्या अस्तरास चावा घेऊन रक्त शोषतात. अँकिलोस्टोमा जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०·१५ मिलिलिटर रक्त घेतो. म्हणजे शंभर कृमी असल्यास रोज १५ मिलिलिटर रक्त वाया जाते.

या जातीच्या अळ्या शरीरात शिरल्यावर काही महिने वाढ थांबवून सुप्त राहू शकतात, असे पश्चिम बंगालमधील अभ्यासावरून १९७३ साली प्रसिद्ध झाले. कोरड्या ऋतूत अंडी घालून उपयोग नाही. म्हणून पावसाळा जवळ येईपर्यंत हा कृमी जणू वाट पाहतो. यास्तव आज त्रास नाही, एवढ्यावरून शरीर कृमिमुक्त आहे असे मानणे बरोबर नाही.

संपूर्ण गर्भारपणात स्त्रीस सुमारे १,००० मिलिग्रॅम जादा लोह लागते. अंगात कृमी असलेल्या स्त्रीच्या शरीरात लोहाचा साठा आधीच आटलेला असतो. त्यात गर्भाची मागणी वाढली, की इतके दिवस अंगावर काढलेला अशक्तपणा गंभीर रूप धारण करतो. मूल कमी वजनाचे अथवा अपुऱ्या दिवसांचे जन्मते, आणि बाळंतपणातील थोडासा रक्तस्रावही मातेस सोसत नाही. हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील गर्भवतींपैकी ५२·२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता.

परळच्या संशोधनाचा खरा बोध येथे लक्षात घ्यावा. कृमीमुळे होणाऱ्या रक्तक्षयात लोह कमी पडून तांबड्या पेशी लहान व फिक्या होतात. फॉलिक आम्लाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयात त्या संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होतात. गरिबाच्या घरी ही दोन्ही कारणे पुष्कळदा एकत्र नांदतात. नुसते जंताचे औषध घेऊन आहार तसाच ठेवला, अगर नुसत्या गोळ्या घेऊन अनवाणी चालणे व उघड्यावर शौच चालू ठेवले, तर काम अर्धेच राहते.

काय करावे?

१. गर्भारपणाची चाहूल लागताच आरोग्य केंद्रात नाव नोंदवून रक्त तपासून घ्यावे. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असणे म्हणजे रक्तक्षय होय.

२. चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी रोज एक, याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यावी. पहिल्या तीन महिन्यांत केवळ फॉलिक आम्लाची गोळी देतात. शौचास काळे होणे हे लोहाचे लक्षण आहे. त्यास भिऊन गोळी सोडू नये.

३. जंतावरील अल्बेंडाझोल ही गोळी पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये. त्यानंतर, चौथ्या ते सहाव्या महिन्यात, आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा घ्यावी.

४. शौचकूपाचाच वापर करावा. सोनखत कच्चे असताना शेतात अगर भाजीच्या वाफ्यात टाकू नये. दोन खड्ड्यांच्या शौचकूपातील भरलेला खड्डा किमान एक वर्ष बंद ठेवून मगच त्यातील खत उपसावे.

५. लावणी, खुरपणी व गोठ्यातील कामे करताना पायांत पादत्राणे असावीत. चिखलात ती टिकत नसल्यास काम संपताच पाय साबणाने स्वच्छ धुवावेत.

६. परसबागेत माठ, पालक, मेथी, अंबाडी व शेवगा लावावा. सांडपाण्यावर एवढी भाजी सहज होते. भाजी आधी धुवून मग चिरावी, झाकण ठेवून थोडा वेळच शिजवावी आणि शिजविलेले पाणी फेकू नये. फॉलिक आम्ल त्या पाण्यात उतरते व फार वेळ शिजविल्याने नष्ट होते. मूग, मटकी, हरभरा, शेंगदाणे व शक्य तेथे अंडी रोजच्या जेवणात असावीत. जेवणात लिंबू अथवा आवळा घ्यावा. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण त्याने लोह अंगी लागत नाही.

घरातील पुरुषांनी व वडीलधाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मनावर घ्यावयास हवी. अनेक घरांत सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले अन्न सुनेच्या वाट्यास येते, आणि नेमकी भाजी व डाळ त्या वेळी संपलेली असते. गाभण म्हशीपुढे खुराक ठेवण्यास शेतकरी विसरत नाही. घरातील गर्भवतीचे पान आधी वाढले जावे, यासाठी कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.