भात्याचा कॅमेरा

भाता म्हटला की आपल्यापुढे एक तर लोहाराची भट्टी उभी राहते, नाही तर बाजाची पेटी. एके काळी कॅमेऱ्यालाही भाता असे, हे आजच्या कॉलेजकुमारांना सांगितले तर ते हसतात. बटण दाबावे, पुढचे झाकण पडावे, पोलादी पट्ट्या खट्‌कन ताठ व्हाव्यात आणि काळा भाता ताणत भिंग पुढे यावे. काम संपले की पुन्हा घडी घालून कोटाच्या खिशात. मोठी निगेटिव्ह हवी तर भिंग आणि फिल्म यांच्यात अंतर लागते. ते अंतर घडी घालून बरोबर नेता येते, एवढीच त्या भात्याची किमया!

किमया लहान, पण फळ मोठे. या कॅमेऱ्यांत बहुधा १२० नंबरचा रोल चालतो. कोडॅकने तो १९०१ साली ‘ब्राउनी नंबर २’ या पेटीवजा कॅमेऱ्यासाठी काढला, आणि नवल असे की तो अजून बनतो आणि मिळतो. त्याच्यावर कॅमेऱ्याच्या मापाप्रमाणे आठ, बारा किंवा सोळा फोटो निघतात. बारा फोटोंच्या कॅमेऱ्यातली चौकोनी निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा क्षेत्रफळाने साडेतीनपटींहून मोठी. झाइस इकॉनचा इकॉन्टा, फोइग्टलेंडरचा बेसा, आग्फाचा इझोलेट ही या क्षेत्रातली नामांकित घराणी. मात्र जुन्या बाजारात हात घालणाऱ्याने एक पाहावे: कॅमेरा १२० चा आहे की ६२० चा? फिल्म तीच, पण ६२० ची रिळे निराळी, आणि तो रोल बनणे १९९५ साली थांबले.

माझ्याकडे आलेला कॅमेरा बाजारातला नव्हे, मामांचा. पहिल्या नोकरीच्या पैशांतून १९६१ साली मुंबईत त्यांनी तो जुनाच घेतला. पुढे वीस वर्षे घरातली लग्ने, मुंजी, बारशी त्यांनी टिपली. साहजिकच आमच्या आल्बमात सगळे आहेत आणि मामाच नाहीत. क्वचित कुठे त्यांची सावली तेवढी आहे. कारण सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा हा त्या वेळचा नियम, आणि संध्याकाळी फोटो काढणाऱ्याची सावली मंडळींच्या पायांपर्यंत जायची! आज मामा पंच्याऐंशीचे आहेत. डोळ्यांचा पडदा क्षीण होत चालला आहे. वर्षभराने वाचता येईल याची डॉक्टरांना खात्री नाही. मला त्यांचा फोटो काढायचा होता तो त्यांच्याच कॅमेऱ्याने, आणि त्यांना स्वतःला पाहता येईल अशा दिवसांत. मोबाइलने कधीच काढता आला असता. पण “त्यात काय, बोट लावलं की निघतो,” म्हणून ते तोंड फिरवीत.

पहिली परीक्षा भात्याची. रात्री खोलीत अंधार केला, भाता ताणला आणि मागचे दार उघडून आत विजेरी धरली. घड्यांच्या कोपऱ्यांवर चांदण्या चमकू लागल्या! एकेका चांदणीमागे फिल्मवर एकेक डाग ठरलेला. दोन-चार भोके असती तर काळ्या लवचिक रंगाने बुजवता आली असती. इथे सप्तर्षी होते. नवा भाताच करवून घ्यावा लागला.

शटरचे दुखणे निराळे. या कॅमेऱ्यांच्या काँपूर, प्राँटर अशा शटरांत मंद गतींसाठी दातेरी चाकांची मालिका असते, अगदी घड्याळासारखी. म्हणून मी पेठेतल्या एका वृद्ध घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पाहिले आणि म्हणाले, “सर, यात तेल घालायचं नाही, तेल काढायचं!” जुने वंगण वाळून डिंकासारखे झाले होते. लायटरच्या पेट्रोलने चाके धुतली गेली, पाती कोरडी ठेवली गेली. घरी आणून एका सेकंदावर शटर लावले आणि दाबले. मामा डोळे मिटून ऐकत होते. “दोन झाले रे, एक नव्हे,” ते म्हणाले. घड्याळ लावून पाहिले तर खरेच पावणेदोन! कॅमेरा पुन्हा पेठेत गेला. परत आला तेव्हा मामांनी मान डोलावली.

उरले भिंग. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते, आणि ती फार दिवस राहिली तर काच कोरते. सुदैवाने इथे ती वरवरची होती. पण पुढचे भिंग साफ करायला उकलले की फोकस पुन्हा जुळवावा लागतो. त्याची युक्ती सोपी आहे: फिल्मच्या जागी ताणून ट्रेसिंगचा कागद लावायचा, शटर उघडे धरायचे, दूरच्या मनोऱ्याची उलटी प्रतिमा कागदावर रेखीव दिसेपर्यंत भिंग फिरवायचे आणि तिथे कडीवरची अनंताची खूण आणून स्क्रू आवळायचे.

आता वापरण्याच्या दोन गोष्टी. भाता झटक्यात उघडू नये. आतली हवा ओढली जाऊन फिल्म पुढे फुगते. आधी हळूच उघडावा, मग रोल पुढे सरकवावा. आणि मागची लाल खिडकी, जिच्यातून फोटोचा आकडा दिसतो, ती रोल फिरवतानाच उघडावी, तीही सावलीत. पूर्वीच्या फिल्मला लाल उजेड कळत नसे. आताच्या फिल्मला तो चांगलाच कळतो.

आमच्या कॅमेऱ्याला अंतर मोजण्याचे साधन नाही. मामांना अंगणात खुर्चीवर बसवून मी शिंप्याच्या टेपने डोळ्यापासून भिंगापर्यंत दोन मीटर मोजले. छिद्र ५.६ वर असता फोकसची सवलत पुढेमागे जेमतेम वीतभर. “हलू नका मामा.” “मी कशाला हलतोय? तू श्वास धर!” बारा फोटोंना पाऊण तास लागला. रोल धुऊन आला तेव्हा बारांपैकी चार चांगले निघाले आणि एक उत्तम. तो मोठा करून मी त्यांच्या हाती दिला. त्यांनी खिडकीशी नेऊन, भिंग लावून, बराच वेळ पाहिला. “फोकस नाकावर नाही, डोळ्यावर आहे. बरोबर,” एवढेच म्हणाले. संध्याकाळी मामी सांगत होत्या की दुपारभर तो फोटो उशाशी होता.

अशी यंत्रे अजून कित्येकांच्या माळ्यावर आहेत. कपाटात शोभेला ठेवलेला कॅमेरा फार दिवस जगत नाही. वंगण वाळते, बुरशी चढते, भाता चिकटतो. महिन्यातून एकदा शटर वाजवा, पावसाळ्यात कोरड्या डब्यात ठेवा आणि वर्षातून एक तरी रोल घाला. घड्याळजींचा नातू मोबाइल दुरुस्त करतो. तेव्हा जे करायचे ते आजोबांचे हात स्थिर आहेत तोवर करून घ्यावे, हे उत्तम.